नो-लॉग म्हणणाऱ्या मेल आणि व्हीपीएन कंपन्यांवर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?

गोदाकाठ (प्रश्न)

आमचा सात जणांचा गट आहे. विषय गौण खनिज, त्यातही मुख्यतः वाळूचे ठेके. माहिती अधिकारात कागद काढायचे, ताडून बघायचे, पत्रकारांपर्यंत पोचवायचे. अधूनमधून आतला एखादा माणूस स्वतःहून कागद पाठवतो. त्याचं नाव बाहेर जाऊ नये, ही आमची सगळ्यात मोठी जबाबदारी.

सध्या सगळे जीमेलवर आहोत. प्रोटॉन किंवा टुटा या मजकूर किल्लीने बंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या मेल सेवांवर जायचं आणि सोबत व्हीपीएन (आपला इंटरनेटचा प्रवाह दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून नेणारी सेवा) घ्यायचं, असं चाललंय. पण वाचायला बसलं की एकेक प्रकरण निघतं. प्रोटॉनने २०२१ मध्ये फ्रान्समधल्या पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक, ज्यावरून माणूस शोधता येतो) दिला. ‘आम्ही काहीच नोंदवत नाही’ (नो-लॉग) अशी जाहिरात करणाऱ्या आयपीव्हॅनिश या व्हीपीएन कंपनीने २०१६ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेला ग्राहकाच्या नोंदी दिल्या. मग या कंपन्यांच्या शब्दाला किंमत काय? ऑडिटचा अहवाल आहे म्हणजे पुरे का? भारतातल्या सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या नियमांनंतर बाहेरच्या देशातला व्हीपीएन वापरण्यात काही अर्थ उरतो का? आणि माणशी महिना पाचशे रुपयांच्या आत काय बसेल?

किल्लीकुलूप

मेलपुरतं मी लिहितो, व्हीपीएनबद्दल इथे माझ्यापेक्षा जास्त जाणणारे आहेत.

कंपनीचे लोक प्रामाणिक आहेत का, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. उद्या त्यांच्या देशातल्या कोर्टाचा आदेश आला तर त्यांच्या हातात देण्यासारखं काय काय असेल, हे मात्र बऱ्यापैकी कळतं. जुनी प्रकरणं त्यासाठीच वाचायची. प्रत्येकात एकच बघा: काय गेलं आणि काय गेलं नाही.

फ्रान्सचं प्रकरण घ्या. फ्रेंच पोलिसांनी युरोपोलमार्फत स्वित्झर्लंडकडे मागणी केली, स्विस अधिकाऱ्यांनी ती मान्य केली आणि प्रोटॉनला त्या एका खात्याचा आयपी नोंदवायला भाग पाडलं. आयपी गेला. मेलचा मजकूर गेला नाही, कारण तो उघडायची किल्ली प्रोटॉनकडे नसतेच. त्यानंतर त्यांनी संकेतस्थळावरचं ‘आम्ही आयपी नोंदवत नाही’ या अर्थाचं वाक्य काढून टाकलं. माझ्या मते ते पहिल्या दिवसापासूनच नको होतं.

२०२४ मध्ये स्पेनमधल्या कॅटलान आंदोलनाशी संबंधित एका खात्याची माहिती मागितली गेली. प्रोटॉनकडे द्यायला होता तो रिकव्हरीसाठी भरलेला दुसरा मेल पत्ता. तो आयक्लाउडचा होता. पोलीस अ‍ॅपलकडे गेले आणि माणूस सापडला. एन्क्रिप्शनला कुणी हातही लावला नाही. वापरणाऱ्याने स्वतः भरलेला एक रकाना पुरला.

जर्मनीत पोस्टेओ नावाची बर्लिनची छोटी कंपनी आहे, महिन्याला एक युरो घेते. त्यांची यंत्रणा मुळातच ग्राहकाचा आयपी साठवत नव्हती. तरी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांचं म्हणणं फेटाळलं: कायदेशीर आदेश आला की आयपी मिळेल अशी सोय तुम्ही करायला हवी. हा निकाल जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. म्हणजे आज ‘नोंदवत नाही’ हे शंभर टक्के खरं असलं, तरी उद्या एका खात्यापुरतं नोंदवायला लावता येतं. आयपी लपवणं हे मेल कंपनीचं काम समजू नका. ते तुमचं काम आहे, व्हीपीएनने नाहीतर टॉर या आयपी लपवणाऱ्या नेटवर्कने.

टुटा हॅनोव्हरची कंपनी. आधीचं नाव टुटानोटा. २०२० मध्ये कोलोनच्या कोर्टाने त्यांना एका खात्यावर येणारी साधी मेल पोलिसांना वाचता येईल अशी द्यायला सांगितलं. हे शक्य होतं, कारण जीमेलवरून आलेली मेल त्यांच्या सर्व्हरवर उघड्या मजकुरात येऊन पोचते आणि मग तुमच्या किल्लीने बंद होते. मधल्या त्या क्षणी तिची प्रत काढता येते. प्रोटॉनचंही तंत्र इथे वेगळं नाही. टुटा ते टुटा किंवा प्रोटॉन ते प्रोटॉन मेल असेल तर हा क्षण येतच नाही.

तर आदेश आला की प्रोटॉन काय देऊ शकतं? पाठवणारा, घेणारा, वेळ आणि विषयाची ओळ. विषयाची ओळ हे लोक विसरतात. प्रोटॉन पीजीपी या मेल बंद करायच्या पद्धतीवर चालतं आणि त्यात विषय दोन टोकांमध्ये बंद होत नाही. त्यामुळे ‘अमुक गावच्या घाटाचे पावती पुस्तक’ असा विषय लिहिलात तर आत कितीही कडेकोट असो, मुख्य गोष्ट पाकिटावर लिहिल्यासारखी आहे. टुटा विषयही बंद करतं. मात्र टुटाला पीजीपी नाही आणि थंडरबर्डसारखं बाहेरचं अ‍ॅप जोडता येत नाही, त्यांचंच अ‍ॅप वापरावं लागतं.

आदेश येतात ते तुरळक नाहीत. २०२३ या एका वर्षात प्रोटॉनकडे सहा हजारांवर कायदेशीर आदेश आले आणि बहुतेक पाळले गेले. हे आकडे ते स्वतः छापतात. आदेश पाळणारी कंपनी ही माझ्या लेखी नापास होण्याची खूण नाही. आदेश न पाळणारी कंपनी बंद पडते. लॅव्हाबिट या अमेरिकी मेल सेवेचं तेच झालं: एफबीआयने संपूर्ण सर्व्हरची खाजगी किल्ली मागितली आणि ८ ऑगस्ट २०१३ रोजी मालकाने सेवाच बंद केली. त्या रचनेत एक किल्ली गेली की सगळ्या ग्राहकांचं उघडं पडणार होतं. अशी रचना असलेल्या कंपनीकडे जाऊ नका, मालक कितीही बाणेदार असला तरी.

एक खरा धोका उरतो. ब्राउझरमध्ये मेल उघडता तेव्हा एन्क्रिप्ट करणारा कोड दर वेळी त्याच कंपनीकडून येतो. एखाद्या ग्राहकालाच वेगळा कोड धाडला तर त्याला कळणार नाही. कॅनडातल्या हशमेल या मेल सेवेने २००७ मध्ये कोर्टाच्या आदेशावरून उघडा मजकूर अमेरिकी अंमली पदार्थ खात्याकडे जाऊ दिला. तिथे पासवर्ड सर्व्हरवरून जाणारी पद्धत होती, एवढंच पुरलं. म्हणून संवेदनशील कामाला वेबपेज टाळा, फोनवरचं किंवा डेस्कटॉपचं अ‍ॅप वापरा. त्याची एकच सही केलेली प्रत सगळ्यांकडे जाते. एकट्या तुम्हाला वेगळी देणं फार अवघड.

घाटमाथा

व्हीपीएनचं सांगतो. मेलमध्ये निदान गणित तुमच्या बाजूने असतं. व्हीपीएनमध्ये ते नसतं. तुमचा सगळा प्रवाह त्या सर्व्हरवर उघडतो, त्यामुळे कोण कुठे गेला हे त्या कंपनीला दिसू शकतंच. जिओ किंवा एअरटेलला जे दिसत होतं ते आता त्यांना दिसतं. बस, एवढीच अदलाबदल. संकेतस्थळं मजकूर बंद करूनच पाठवतात (एचटीटीपीएस), त्यामुळे दोघांनाही पानातला मजकूर दिसत नाही, संकेतस्थळाचं नाव आणि वेळ दिसते.

मग ‘नो-लॉग’ खरं की खोटं कसं ओळखायचं? माझ्या लेखी पुराव्याची उतरंड अशी आहे. सगळ्यात वर: पोलिसांनी सर्व्हर उचलला किंवा कोर्टात शपथेवर विचारलं आणि द्यायला काही निघालं नाही. १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडनच्या पोलिसांचे किमान सहा जण झडतीचं वॉरंट घेऊन मुल्वाद या व्हीपीएन कंपनीच्या गोथेनबर्गच्या कार्यालयात गेले आणि रिकाम्या हाताने परतले. तुर्कस्तानात रशियन राजदूताच्या हत्येच्या तपासात एक्सप्रेसव्हीपीएनचा सर्व्हर जप्त झाला, त्यात उपयोगाचं काही सापडलं नाही. प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेसला २०१६ आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यांत माहिती मागितली गेली, त्यांच्याकडे द्यायला नव्हती.

ऑडिट त्याच्या खाली येतं. ऑडिटर ठरावीक दिवशी ठरावीक सर्व्हर बघतो. दुसऱ्या दिवशी काय होतं याची हमी त्यात नसते. अहवाल मिळाला की तीन गोष्टी बघा: तारीख, सर्व्हरची मांडणी तपासली की फक्त अ‍ॅपचा कोड, आणि पूर्ण अहवाल वाचायला मिळतो की नुसती प्रसिद्धीपत्रकातली ओळ. दर वर्षी होणारं ऑडिट एकदाच झालेल्यापेक्षा कितीतरी बरं.

त्याच्याही खाली रचना. सर्व्हर फक्त रॅमवर चालतो का? डिस्कच नसली की वीज गेली की सगळं पुसतं. मुल्वादने हा बदल सप्टेंबर २०२३ मध्ये पूर्ण केला. सर्व्हर स्वतःचे की भाड्याचे? नॉर्डव्हीपीएनचा फिनलंडमधला एक भाड्याचा सर्व्हर मार्च २०१८ मध्ये फोडला गेला. डेटा सेंटरवाल्यांनी त्यावर दूरस्थ देखभालीची एक वाट ठेवली होती, तिथून. ग्राहकांना हे कळलं ऑक्टोबर २०१९ मध्ये. घुसखोरीपेक्षा तो दीड वर्षाचा उशीर मला जास्त खटकतो.

सगळ्यात तळाला कंपनीचं स्वतःचं वचन. जुलै २०२० मध्ये हाँगकाँगशी जोडलेले सात फुकट व्हीपीएन, सगळे नो-लॉग म्हणवणारे, एकाच उघड्या सर्व्हरवर ग्राहकांच्या नोंदी टाकून बसलेले सापडले. तब्बल १.२ टेराबाइट. सात नावं, सात बोधचिन्हं आणि मागे यंत्रणा एकच.

मालक कोण, हे हमखास बघा. एक्सप्रेसव्हीपीएन, सायबरघोस्ट, प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेस ही तिन्ही नावं केप टेक्नॉलॉजीज या एकाच समूहाची. ही कंपनी पूर्वी क्रॉसरायडर होती, आणि त्या नावाचा संबंध अ‍ॅडवेअरशी (न मागता जाहिराती घुसवणाऱ्या सॉफ्टवेअरशी) होता. २०२१ मध्ये त्यांनी व्हीपीएनचं परीक्षण करणारी संकेतस्थळंही विकत घेतली. त्यामुळे ‘टॉप टेन व्हीपीएन’ याद्या वाचण्यात वेळ घालवू नका. आणि फुकटचं म्हणाल तर ओनाव्हो आठवा. फेसबुकने २०१३ मध्ये ही कंपनी घेतली आणि लोक कोणती अ‍ॅप किती वापरतात हे तिच्या व्हीपीएनमधून बघत राहिलं. २०१८ मध्ये ते अ‍ॅप अ‍ॅपलच्या स्टोअरवरून काढावं लागलं. प्रोटॉनचा फुकट व्हीपीएन याला अपवाद, तो पैसे भरणाऱ्यांच्या जिवावर चालतो.

गोदाकाठ

दोघांचेही आभार. पुढचं विचारतो. मुल्वाद घेतलं तर पैसे कसे भरायचे? आमच्यातल्या दोघांची कार्डं परदेशी संकेतस्थळावर चालत नाहीत. आणि सर्ट-इनचं राहिलं. शिवाय प्रोटॉन भारतात बंद होणार अशी बातमी होती, त्याचं काय?

कलमवाचक

कायद्याचं मी घेतो.

सर्ट-इनचे निर्देश २८ एप्रिल २०२२ चे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब खाली काढलेले. व्हीपीएन कंपन्यांना ते २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाले. ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, मेल, दिलेले आयपी, सेवा कधीपासून कधीपर्यंत घेतली आणि कशासाठी, हे सगळं ग्राहक सोडून गेल्यावरही पाच वर्षं ठेवायचं. यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस. हे बंधन व्हीपीएन देणाऱ्यावर आहे, वापरणाऱ्यावर नाही. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला त्यातून वगळलं आहे. तुम्ही व्हीपीएन वापरता म्हणून या निर्देशांखाली गुन्हा होत नाही. मात्र जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने तात्पुरती बंदी घातलेली आहे. तिकडे जाणार असाल तर स्थानिक आदेश बघून घ्या.

परिणाम असा झाला की एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्ड, सर्फशार्क आणि प्रोटॉन या सगळ्यांनी २०२२ मध्ये भारतातले सर्व्हर काढले. यादीत आज ‘भारत’ दिसतं ते बहुधा आभासी असतं: आयपी भारताचा, यंत्र सिंगापूरला किंवा आणखी कुठे. उलट एखादी कंपनी मुंबईत प्रत्यक्ष सर्व्हर असल्याचं सांगत असेल आणि नो-लॉगही म्हणत असेल, तर दोन्ही एकदम कसं जमतं हे लेखी विचारा.

प्रोटॉनबद्दल. बॉम्बच्या खोट्या धमक्यांच्या मेलमुळे २०२४ मध्ये ते अडवण्याचा विषय केंद्राकडे आला होता. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने एका खाजगी कंपनीच्या याचिकेवर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली (सेवा अडवण्याची) कारवाई सुरू करायचे निर्देश केंद्राला दिले. ती प्रक्रिया वेगळी चालते, निर्देश आला म्हणजे त्याच दिवशी सेवा बंद असं होत नाही. पण ‘एके दिवशी उघडलं नाही तर?’ याची तयारी आत्ताच करा. कशी, ते किल्लीकुलूप सांगतील.

आता आदेश कुठून येईल याचा विचार करा. आपल्याकडच्या पोलीस ठाण्यातून प्रोटॉनला थेट पत्र गेलं तर स्विस दंड संहितेच्या कलम २७१ मुळे ते त्याला थेट माहिती देऊ शकत नाहीत. मागणी सरकारमार्फत स्विस यंत्रणेकडे जावी लागते आणि सक्तीने माहिती काढायची तर तो गुन्हा तिकडच्या कायद्यातही गुन्हा असावा लागतो. गुगलचं तसं नाही. भारतीय यंत्रणांच्या हजारो मागण्या ते दर वर्षी हाताळतात. तुमच्यासारख्या गटाला हा फरक मोलाचा आहे.

तरीही तपास अधिकारी स्वित्झर्लंडला जाण्याआधी तुमच्या दारात येईल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली फोन हजर करायला सांगता येतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली, रीतसर आदेश असताना मजकूर उघडून द्यायला मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पत्रकाराला स्रोत सांगायची सक्ती नाही असं जे म्हटलं जातं, ते प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५(२) चं, आणि ते फक्त कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं आहे. कोर्टात किंवा पोलिसांपुढे ते कवच धरून चालू नका. तुम्ही तर पत्रकारही नाही. म्हणून फोनवर जे नाही तेच सुरक्षित, या हिशेबाने चाला.

साधामजकूर

मला वाटतं चर्चा चुकीच्या टोकाला जास्त वेळ थांबली आहे. तुमच्या कामाचे तीन भाग पाडा.

माहिती अधिकाराचा अर्ज: त्यावर नाव आणि पत्ता तुम्हीच लिहून देता. तिथे प्रोटॉन काय आणि व्हीपीएन काय, काही उपयोग नाही. उलट शासनाची बरीच संकेतस्थळं परदेशी आयपीवरून उघडतच नाहीत. ती कामं साध्या जोडणीवरून करा.

सात जणांचं आपसातलं बोलणं: त्याला मेल हवीच कशाला? सिग्नल हे संदेशांचं अ‍ॅप वापरा, संदेश आपोआप पुसायची मुदत लावून. २०१६ मध्ये अमेरिकेत सिग्नलला खात्याची माहिती द्यायचा आदेश आला, तेव्हा त्यांच्याकडे दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. कोणतीही मेल सेवा याच्या जवळपास येत नाही, कारण मेल पोचवायची तर कुणाकडून कुणाला हे सर्व्हरला कळावंच लागतं.

आतला माणूस: इथे खरी जोखीम आहे आणि ती बहुतेक वेळा कागदातच असते. स्कॅन केलेल्या टिपणीच्या पानावर आवक क्रमांक असतो, कोपऱ्यात हाताने लिहिलेला शेरा असतो, पंच केलेल्या भोकांची जागा असते, प्रत फिकट आली असेल तर कुठल्या टेबलावरच्या यंत्राची ते तिथल्या माणसाला ओळखू येतं. ज्या चार जणांकडून ती फाइल गेली त्यातला कोण, हे शोधायला कुणाला आयपी लागत नाही. रंगीत लेझर प्रिंटरच्या बऱ्याच मॉडेलांत पिवळे बारीक ठिपके छापले जातात, त्यात यंत्राचा अनुक्रमांक आणि वेळ असते. फोनने काढलेल्या फोटोत जागा आणि फोनचं मॉडेल राहतं. म्हणून मूळ फाइल पुढे धाडायचीच नाही. मजकूर पुन्हा टाइप करून द्या, किंवा डेंजरझोनसारख्या साधनातून पीडीएफ काढा. ते पानांचे ठिपके करून पुन्हा पीडीएफ बांधतं, आतली लपलेली माहिती गळून पडते. पानावर जे दिसतंय ते मात्र ते पुसत नाही. ते तुम्हालाच झाकावं लागेल, काळी पट्टी ओढून नव्हे, तो भाग प्रतिमेतून कापून.

किल्लीकुलूप

साधामजकूर यांचं कागदांबद्दलचं म्हणणं तंतोतंत पटलं. ‘मेल कशाला’ हे पटलं नाही. आतल्या माणसाला सिग्नल घ्यायला सांगितलं की त्याच्या फोनवर एक नवं अ‍ॅप आणि तुमचा संपर्क दिसायला लागतो. कधीच न भेटलेल्या माणसाला गाठायचं, तर जाहीर करता येईल असा पत्ता लागतो. शिवाय पत्रकार मेलवरच असतात. दोन्ही ठेवा.

बांधणी अशी करा. आधी स्वतःचं डोमेन (मेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) घ्या. वर्षाला साधारण हजार रुपयांत येतं. गटाच्या कामाचा पत्ता त्या डोमेनवर ठेवा, सेवा प्रोटॉनची असो वा टुटाची. स्किफ नावाची चांगली एन्क्रिप्टेड मेल सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशनने विकत घेतली आणि काही महिन्यांत बंद केली. ज्यांचा पत्ता स्किफचा होता त्यांना तो सगळीकडे बदलावा लागला. ज्यांचं डोमेन स्वतःचं होतं त्यांनी एमएक्स नोंद (मेल कुठल्या सर्व्हरवर जावी हे सांगणारी) बदलली आणि काम चालू ठेवलं. प्रोटॉन अडवलं गेलं तरी हाच उपाय. डोमेन जोडताना एमएक्ससोबत एसपीएफ, डीकेआयएमच्या सगळ्या नोंदी आणि डीमार्क घाला; मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आली हे त्यांवरून पटतं. डीकेआयएम अर्धवट राहिलं की पत्रकाराच्या जीमेलमध्ये तुमची मेल स्पॅममध्ये जाते आणि कळतही नाही. टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरली जाते ती मुदत) ३६०० सेकंद ठेवा, म्हणजे बदल करायची वेळ आली तर तासाभरात लागू होतो. डोमेन तुमच्या नावाने नोंदलेलं असतं हे विसरू नका. म्हणून आतल्या माणसासाठीचा पत्ता वेगळा, थेट सेवेच्या डोमेनवरचा ठेवा, आणि त्या खात्यात गटातल्या कुणाचाही दुसरा मेल किंवा फोन क्रमांक रिकव्हरीला भरू नका.

रिकव्हरीचा रकाना रिकामा ठेवला की पासवर्ड विसरणं महागात पडतं. प्रोटॉनमध्ये बारा शब्दांचं रिकव्हरी वाक्य मिळतं. ते कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा, फोटो काढू नका. त्याशिवाय पासवर्ड बदलला तर खातं परत मिळू शकतं, पण जुन्या मेल बंदच राहतात, कारण त्या जुन्या किल्लीने बंद झालेल्या असतात. कंपनीला विनवण्या करून उपयोग नाही. ते उघडू शकले असते तर आपण त्यांच्याकडे गेलोच नसतो. फुकट खातं घेतलंत तर महिन्यातून एकदा तरी उघडा. प्रोटॉन वर्षभर आणि टुटा सहा महिने न वापरलेलं फुकट खातं काढून टाकतं.

पैशांचं: प्रोटॉन आणि टुटाची पैसे भरून घ्यायची खाती महिन्याला साधारण तीन ते पाच युरो. सगळ्या सातांना गरज नाही. डोमेन सांभाळणारं एक खातं पैसे भरून घ्या, त्यातच दोन-तीन पत्ते करा.

घाटमाथा

मुल्वाद महिना पाच युरो, म्हणजे पाचशेच्या आसपास. कमी-जास्त मुदतीला सवलत नाही. एका खात्यावर पाच उपकरणं चालतात, त्यामुळे माणशी एक उपकरण धरलं तर सात जणांना दोन खाती पुरतात. खातं म्हणजे फक्त सोळा आकडी क्रमांक. मेल नाही, नाव नाही. तो क्रमांक हरवला तर पैसेही गेले, एवढं ध्यानात ठेवा.

कार्ड चालत नाही त्याचं कारण बहुधा बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ बंद असणं. नवीन कार्डावर ते बंदच येतं. चालू करा, मर्यादा हजार रुपये ठेवा, भरून झालं की पुन्हा बंद. दर महिन्याला आपोआप पैसे जाणारी परदेशी वर्गणी रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनंतर बऱ्याच कार्डांवर अडते. मुल्वाद एकरकमी घेतं, त्यामुळे ती भानगड नाही. कार्डाने भरलं की बँकेकडे मुल्वादचं नाव राहणार. तुम्ही व्हीपीएन घेतला एवढं त्यातून कळतं, त्यात काय केलं ते नाही. ते लोक पाकिटातून रोख नोटाही घेतात, पण भारतातून टपालाने परकीय चलन पाठवायच्या फंदात पडू नका.

बसवल्यावर तपासणी केल्याशिवाय वापरू नका. व्हीपीएन बंद असताना एखाद्या आयपी दाखवणाऱ्या पानावर जा आणि पत्ते लिहून घ्या. जिओवर असाल तर २४०९ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसेल, तो आयपीव्ही६, म्हणजे नव्या प्रकारचा आयपी पत्ता. आता व्हीपीएन चालू करून तेच पान आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी शोधणारी यंत्रणा) गळती तपासणारं पान उघडा. तो २४०९ वाला कुठेही दिसला तर आयपीव्ही६ चा प्रवाह व्हीपीएनच्या बोगद्याबाहेरून जातोय. डीएनएसच्या यादीत जिओ किंवा एअरटेल दिसलं तर तुम्ही काय उघडता ते त्यांना अजून कळतंय. फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला स्वतःहून काही भरलेलं असेल तर ते आधी ‘ऑटोमॅटिक’ करा. बऱ्याचदा गळती तिथूनच दिसते.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये व्हीपीएनच्या नावासमोरचं दातेरी चाक दाबा आणि ‘ऑल्वेज-ऑन’ व ‘ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन’ दोन्ही चालू करा. एवढ्यावर थांबलात तर शाओमी, रिअलमी, ओप्पोचे फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅपच मारून टाकतात. त्या अ‍ॅपची बॅटरी ‘नो रिस्ट्रिक्शन्स’वर न्या. हे सगळं करूनही इंटरनेट आहे का हे बघणारी अँड्रॉइडची स्वतःची छोटी विचारणा बाहेरून जाते, मुल्वादनेच २०२२ मध्ये ते दाखवलं. तेवढं धरून चाला.

लॅपटॉप घेऊन हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर बसणार असाल तर मे २०२४ मध्ये उघड झालेलं टनेलव्हिजन हे हल्ल्याचं तंत्र माहीत असू द्या. वायफाय देणारा डीएचसीपीचा (जोडलेल्या उपकरणाला पत्ता आणि वाट नेमून देणाऱ्या पद्धतीचा) १२१ क्रमांकाचा पर्याय वापरून तुमचा काही प्रवाह बोगद्याबाहेर वळवू शकतो आणि अ‍ॅप ‘जोडलेलं’च दाखवत राहतं. अँड्रॉइड तो पर्याय मानतच नाही, म्हणून फोनच्या हॉटस्पॉटवरून लॅपटॉप जोडणं हा सोपा उपाय. फक्त फोनवरचा व्हीपीएन हॉटस्पॉटच्या प्रवाहाला बहुधा लागू होत नाही, लॅपटॉपवर वेगळा चालू करा.

बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप स्प्लिट टनेलमध्ये (ठरावीक अ‍ॅप व्हीपीएनबाहेर ठेवायची सोय) टाकून बाहेर ठेवा, नाहीतर परदेशी आयपी बघून अडवतात. शासकीय पानांसाठी वेगळा ब्राउझर ठेवून तोही बाहेर काढा. जोडणी झालेली दिसते पण पानं अर्धी येऊन अडकतात, असं झालं तर सर्व्हर बदलत बसू नका. व्हीपीएन ज्या पद्धतीने जोडतो त्या वायरगार्डचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १२८० करा. मोबाइल नेटवर्कवर मोठी पाकिटं वाटेत गळतात, त्याचाच तो परिणाम असतो.